क्लबच्या सामन्यात धावलेखक व्हायचंय? वही हातात घेण्यापासून सही होईपर्यंतचा क्रम

खेळणं थांबलेलं असतं किंवा कधी नीट जमलेलंच नसतं, पण मैदान सुटत नाही. अशी माणसं क्लबच्या सचिवाला गाठून म्हणतात, “माझ्याजोगं काही काम असेल तर सांगा.” सचिव आनंदाने मान डोलावतो आणि पुढे फोन येत नाही. यात कुणाचा वाईटपणा नसतो. ‘काही काम’ कुणाच्या यादीत नसतं, इतकंच. यादीत असतात ती नेमकी कामं: खेळपट्टीची निगा, पंचगिरी, सामन्यांचं वेळापत्रक, मुलांचा सराव, साहित्याचा आणि पैशांचा हिशेब. आणि जवळजवळ प्रत्येक क्लबमध्ये कायम रिकामी असलेली एक खुर्ची: धावलेखकाची, म्हणजे स्कोअररची.

हौशी सामन्यांत त्या खुर्चीवर बहुधा नुकताच बाद होऊन आलेला, वैतागलेला फलंदाज बसतो. चार षटकं झाली की वही पुढच्याच्या मांडीवर जाते. शेवटी एका वहीत १४८ आणि दुसरीत १५१ निघतात, आणि मग आवाज चढतात. बाहेरून मदत करू इच्छिणाऱ्याने हीच खुर्ची आधी मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती मागण्याआधी पद्धत शिकून घ्या. ‘चौकार मारला की चार लिहायचे, त्यात काय’ या समजुतीनेच बहुतेकांच्या वह्या बिघडतात.

## टप्पा १: काम मागताना

सचिवाशी किंवा कर्णधाराशी बोलताना तीन गोष्टी ठरवून जा: कोणत्या संघासाठी, कोणत्या दिवशी, किती सामने. ‘दुसऱ्या संघाचे या महिन्यातले सगळे सामने मी लिहीन’ हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस लगेच वेळापत्रक उघडतो.

पहिल्या सामन्याला एकट्याने बसू नका. अनुभवी धावलेखकाच्या शेजारी स्वतःची वेगळी वही घेऊन बसा आणि तुमची वही त्या दिवशी अधिकृत नाही हे आधीच सांगून टाका. सुरुवात सराव सामन्याने किंवा साध्या साखळी सामन्याने करा. उपांत्य फेरी ही शिकायची जागा नव्हे.

सावध: ‘येईन, जमलं तर’ असं सांगू नका. धावलेखक ऐनवेळी आला नाही की एका खेळाडूला पूर्ण डाव वहीला जुंपावं लागतं, आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्यावर विसंबत नाही.

## टप्पा २: घरची तयारी

दोन गोष्टी पाठ हव्यात: पंचाच्या खुणा आणि वहीतली चिन्हं.

चौकार, षटकार आणि बाद या खुणा सगळ्यांना येतात. अडतं ते पुढच्यांवर:

- नो-बॉल: एक हात खांद्याच्या रेषेत आडवा.
- वाइड: दोन्ही हात आडवे.
- बाय (चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता मिळालेल्या धावा): उघडा पंजा डोक्याच्या वर.
- लेग-बाय (चेंडू बॅटला नव्हे, अंगाला लागून मिळालेल्या धावा): उचललेल्या गुडघ्याला हात.
- शॉर्ट रन (पळताना टोक न गाठल्याने अपुरी राहिलेली धाव): कोपर दुमडून त्याच बाजूच्या खांद्याला बोटं.
- डेड बॉल (त्या चेंडूवरचा खेळ थांबला): कमरेखाली मनगटांची फुली, पुन्हा पुन्हा.
- आधीची खूण रद्द: दोन्ही हात छातीवरून विरुद्ध खांद्यांवर.
- पाच दंड धावा: हाताने विरुद्ध खांद्यावर थापट्या मारल्या तर फलंदाजी करणाऱ्या संघाला. हात नुसता टेकवून ठेवला तर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला.

चिन्हांपैकी सर्वाधिक चालणारी अशी: निर्धाव चेंडूला टिंब, वाइडला अधिकचं चिन्ह, नो-बॉलला वर्तुळ, बायला टोक वर असलेला त्रिकोण, लेग-बायला उलटा त्रिकोण. नो-बॉलवर बॅटने धावा झाल्या तर आकडा वर्तुळात लिहायचा. वाइडवर फलंदाज पळाले तर प्रत्येक जादा धावेमागे अधिकच्या चिन्हाच्या एका कोपऱ्यात टिंब द्यायचं. काही ठिकाणी चिन्हांऐवजी अक्षरं वापरतात. तेही चालतं, फक्त एका वहीत एकच पद्धत हवी.

मग एखाद्या जुन्या सामन्याचं चित्रण लावा आणि न थांबवता दहा षटकं लिहा. न थांबवता हे महत्त्वाचं, कारण मैदानावर मागे जाऊन पाहायची सोय नसते. शेवटी पडद्यावरची धावसंख्या आणि तुमची बेरीज जुळवून पाहा.

तपासा: दहा षटकांत किती वेळा वहीत डोकं असताना चेंडू टाकला गेला? एकदाही झालं असेल तरी आणखी सराव हवा.

## टप्पा ३: मैदानावर, नाणेफेकीच्या आधी

किमान अर्धा तास आधी पोचा. बसायची जागा अशी निवडा की दोन्ही पंच स्पष्ट दिसतील, तुम्हीही त्यांना दिसाल, आणि साइटस्क्रीनच्या (फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून सीमेवर लावलेल्या पडद्याच्या) आड येणार नाही. खेळाडूंच्या घोळक्यात बसू नका. तिथे प्रत्येक चेंडूवर मतं असतात.

सोबत दोन चालू पेनं, पट्टी, घड्याळ, कोरे कागद आणि वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून चिमटे ठेवा. शिसपेन्सिल कच्च्या कागदासाठी. मूळ वही पेनानेच लिहायची, आणि दुरुस्ती करताना जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची. खाडाखोड झालेल्या वहीवर वादाच्या वेळी कुणी भरवसा ठेवत नाही.

आता दोन्ही कर्णधारांकडून संघांची लेखी यादी घ्या, पूर्ण नावांसह. टोपणनावांवर वही लिहिली की दोन ‘बंटी’ एकाच डावात येतात. पाठीवरचे क्रमांक असतील तर नावांपुढे टिपा.

मग पंचांना भेटून त्या स्पर्धेचे नियम विचारा:

1. किती षटकांचा सामना, आणि एका गोलंदाजाला जास्तीत जास्त किती षटकं?
2. वाइड आणि नो-बॉलला एकच धाव की स्थानिक नियमाने जास्त? तो चेंडू पुन्हा टाकायचा ना?
3. फ्री हिट आहे का?
4. शेवटचा फलंदाज एकटा खेळणार का?
5. पावसाने वेळ गेला तर षटकं कशी कमी होणार?

दुसऱ्या संघाचा धावलेखक आला असेल तर त्याच्या शेजारीच बसा. क्रिकेटच्या नियमांत धावलेखक दोन असतात आणि त्यांनी आपापल्या नोंदी वरचेवर ताडून पाहाव्यात असं सांगितलेलं आहे. ‘आमची वही, तुमची वही’ असं दोन टोकांना बसणं हा दिवसभराच्या भांडणाचा पाया असतो.

## टप्पा ४: प्रत्येक चेंडूचा ठरलेला क्रम

इथेच सगळं कौशल्य आहे. क्रम असा ठेवा:

१. चेंडू डेड होईपर्यंत पेन उचलायचं नाही. वाइड किंवा नो-बॉल पंच लगेच पुकारतो, पण चेंडू डेड झाल्यावर तीच खूण तुमच्यासाठी पुन्हा करतो. लिहायचं ते या दुसऱ्या खुणेनंतर, कारण मधल्या वेळात फलंदाज पळालेले असू शकतात.

२. पंचाकडे पाहायचं आणि हात उंच करून पोच द्यायची. प्रत्येक खुणेला वेगळी पोच. नो-बॉल आणि चौकार अशा दोन खुणा झाल्या तर हात दोनदा वर. पोच मिळेपर्यंत पंचाने खेळ पुढे सुरू करायचा नसतो, म्हणजे हा तुमच्या हातातला लगाम आहे. गोंधळ वाटला तर पोच देऊ नका. पंच थांबेल, पुन्हा खूण करेल.

३. गोलंदाजाच्या चौकटीत नोंद.

४. फलंदाजाच्या ओळीत नोंद.

५. अवांतर (बॅटने न काढलेल्या धावा) असेल तर अवांतराच्या ओळीत.

६. एकूण धावसंख्येच्या पट्टीवर (वहीत १, २, ३ असे ओळीने छापलेले आकडे) तितके आकडे खोडणे.

७. मान वर.

गोलंदाज आधी का? त्याच्या चौकटीत षटकातला प्रत्येक चेंडू ओळीने येतो, त्यामुळे कुठे काही राहून गेलं तर षटक तिथून पुन्हा उभं करता येतं. तुम्हाला फलंदाज आधी लिहायची सवय असेल तर ती ठेवा, पण क्रम रोज तोच हवा. चौकाराला एक क्रम आणि एकेरी धावेला दुसरा असं झालं की एक नोंद हमखास सुटते.

सावध: स्वतःच्या डोळ्यांनी निकाल लावू नका. चेंडू बॅटला लागला असं तुम्हाला शंभर टक्के वाटलं तरी पंचाने लेग-बाय दिला असेल तर वहीत लेग-बायच.

## टप्पा ५: अवांतर धावा

वह्या सर्वाधिक इथे चुकतात, म्हणून सावकाश वाचा.

वाइड. वाइडवर मिळालेल्या सगळ्या धावा वाइडच असतात. फलंदाज दोनदा पळाले तर एक आणि दोन मिळून तीन वाइड, त्यात बाय काही नाही. वाइड सीमापार गेला तर पाच. या सगळ्या धावा गोलंदाजाच्या खात्यावर पडतात. हा चेंडू षटकात मोजायचा नाही आणि फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंतही मोजायचा नाही.

नो-बॉल. दंडाची एक धाव अवांतरात, नो-बॉल म्हणून. बॅटने काढलेल्या धावा फलंदाजाला. बॅट न लागता पळालेल्या धावा बाय किंवा लेग-बाय म्हणून लिहायच्या. २०१७ च्या नियमसंहितेपूर्वी त्या सगळ्या नो-बॉलमध्येच जात, म्हणून जुने जाणते अजूनही तसं लिहितात. त्यांच्याशी वाद घालू नका, पण वहीत नवीन नियमच लिहा. गोलंदाजाच्या खात्यावर दंडाची धाव आणि बॅटच्या धावा पडतात, बाय-लेग-बाय पडत नाहीत. नो-बॉल षटकात मोजत नाहीत, पण फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत मोजतात.

बाय आणि लेग-बाय. संघाला धावा मिळतात, गोलंदाजाच्या खात्यावर काही नाही. चेंडू वैध असेल तर षटकातही मोजायचा आणि फलंदाजानेही तो खेळलेला धरायचा. ज्या षटकात फक्त बाय गेले ते निर्धाव षटकच ठरतं. वाइड किंवा नो-बॉल पडला की निर्धाव षटक मोडतं.

दंड धावा. यष्टिरक्षकाच्या मागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला की पाच. त्या ना फलंदाजाच्या, ना गोलंदाजाच्या. अवांतरात वेगळ्या रकान्यात.

आता स्ट्राइक, म्हणजे पुढचा चेंडू कोण खेळणार ते. स्ट्राइक बदलतो तो फलंदाज प्रत्यक्ष किती वेळा पळाले यावरून, वहीत किती धावा चढल्या यावरून नाही. वाइडवर एकदा पळाले तर धावा दोन, पण टोकं बदललेली. दोन म्हणजे सम, म्हणून तोच फलंदाज समोर, असं धरणारा पुढची तीन षटकं चुकीच्या माणसाच्या नावावर लिहीत जातो.

## टप्पा ६: विकेट पडल्यावर

विकेट पडली की सगळे उभे राहतात. तुम्ही बसून राहा आणि या क्रमाने लिहा: कसा बाद, गोलंदाज कोण, धावसंख्या किती, कितव्या षटकाचा कितवा चेंडू, नवा फलंदाज कोण.

- धावबाद गोलंदाजाच्या नावावर जात नाही. त्रिफळाबाद, झेलबाद, पायचीत, यष्टिचित आणि स्वयंचित जातात.
- झेलबाद असेल तर त्या चेंडूवर पळालेल्या धावा मिळत नाहीत. धावबाद असेल तर पूर्ण झालेल्या धावा मिळतात, अर्धवट राहिलेली मिळत नाही.
- झेलबाद झाल्यावर, षटक संपलेलं नसेल तर, नवा फलंदाज स्ट्राइकलाच येतो. आधीचे दोघे एकमेकांना ओलांडून गेले होते का, हे १ ऑक्टोबर २०२२ पासून पाहायचं नाही.
- वाइडवर यष्टिचित होता येतं, नो-बॉलवर नाही. धावबाद दोन्हींवर होता येतं.
- दुखापतीने परत गेलेला फलंदाज बाद नसतो. विकेट वाढवू नका.

झेल कुणी घेतला ते दिसलं नाही? जागा रिकामी ठेवा आणि खेळ थांबल्यावर विचारा. अंदाजाने नाव लिहू नका. हंगामाच्या शेवटी सर्वाधिक झेलांचं बक्षीस या वहीवरूनच ठरतं, आणि खेळाडू आपले झेल विसरत नाहीत.

## टप्पा ७: एक षटक पूर्ण लिहून पाहा

धावसंख्या २ बाद ४६. फलंदाज अ समोर, ब पलीकडे.

1. अ एक धाव काढतो. धावसंख्या ४७, आता ब समोर.
2. वाइड, दोघे एकदा पळतात. दोन वाइड, ४९. टोकं बदलली, अ समोर.
3. नो-बॉल, अ चौकार मारतो. एक नो-बॉल, चार धावा अ ला. ५४.
4. लेग-बाय, एक. ५५. ब समोर.
5. ब झेलबाद. ३ बाद ५५. नवा फलंदाज क समोर.
6. क दोन धावा काढतो. ५७.
7. टिंब.
8. टिंब. षटक पूर्ण.

आठ चेंडू टाकले, त्यांपैकी वैध सहा. संघाला ११ धावा. गोलंदाजाच्या खात्यावर १०, कारण लेग-बाय त्याचा नाही. त्याला एक विकेट. अ च्या ३ चेंडूंत ५, ब च्या १ चेंडूत ०, क च्या ३ चेंडूंत २. अवांतर ४.

फलंदाजांच्या ७ आणि अवांतर ४ मिळून ११. गोलंदाजाच्या १० आणि लेग-बाय १ मिळून ११. फलंदाजांनी खेळलेले चेंडू ७, म्हणजे सहा वैध आणि एक नो-बॉल. तिन्ही ताळे जमले. हे षटक न पाहता लिहिता आलं की तुम्ही सामन्याला तयार आहात.

## टप्पा ८: षटकागणिक ताळा

प्रत्येक षटकाच्या शेवटी शेजारच्या धावलेखकाला मोठ्याने सांगा: धावसंख्या, विकेट, गोलंदाजाचे आकडे. त्याने ‘हो’ म्हटलं की पुढे. यात काही सेकंद जातात, आणि चूक झाली असेल तर ती एका षटकाच्या आतच सापडते.

दर पाच षटकांनी मोठा ताळा करा. फलंदाजांची बेरीज अधिक अवांतर बरोबर एकूण. गोलंदाजांच्या धावा अधिक बाय, लेग-बाय आणि दंड बरोबर एकूण.

पंचाने पाच किंवा सात चेंडूंचं षटक केलं तर? पंचाने मोजलेलं षटकच ग्राह्य. वहीत जितके चेंडू पडले तितकेच दाखवा, सहावा चेंडू मनाने घालू नका.

तपासा: फलक बदलणाऱ्याला दर षटकाला आकडा जातोय ना? चुकीचा फलक पाहून कर्णधार गोलंदाजी बदलतो आणि दोष तुमच्या वहीवर येतो.

## टप्पा ९: ताळा जमला नाही तर

लिहिणं थांबवू नका. आधी चालू षटक पूर्ण लिहा, मग फरक किती ते पाहा.

फरक एकचा असेल तर नो-बॉलचा दंड किंवा वाइडची मूळ धाव बहुधा राहिलेली असते. फरक चारचा असेल तर चौकार एकाच ठिकाणी लिहिला गेलाय. एकूण बरोबर पण गोलंदाजांची बेरीज जास्त येत असेल तर बाय किंवा लेग-बाय गोलंदाजाच्या माथी मारलेला आहे. शोध नेहमी शेवटच्या जमलेल्या ताळ्यापासून पुढे घ्यायचा, डावाच्या सुरुवातीपासून नाही.

दोन वह्यांचं एकमत होत नसेल तर मध्यंतरात पंचांकडे जा. धावसंख्या बरोबर असल्याची अंतिम जबाबदारी पंचांची असते. कर्णधाराला मध्ये घेऊ नका. त्याला हवा असलेला आकडा आधीच ठरलेला असतो.

मोबाइल ॲपवर लिहिणाऱ्यांसाठी: ॲप बेरीज चुकत नाही, पण स्ट्राइकला कोण हे तुम्हीच चुकीचं निवडलं तर सगळा डाव नीटनेटका चुकतो. दर षटकाच्या सुरुवातीला समोरचा फलंदाज आणि गोलंदाज यांची नावं वाचा. फोन पूर्ण चार्ज असला तरी शेजारी कागदावर निदान षटकागणिक धावसंख्या टिपत राहा.

## टप्पा १०: डाव आणि सामना संपल्यावर

डाव संपला की जागेवरून उठायचं नाही. तिन्ही ताळे करा, नाबाद फलंदाजांपुढे ‘नाबाद’ लिहा, गोलंदाजांची षटकं, निर्धाव, धावा आणि विकेट भरा. मग पंचांशी धावा, विकेट आणि षटकं पडताळून घ्या. पहिल्या डावाचा आकडा इथेच पक्का झाला नाही तर पाठलाग करणाऱ्या संघाला लक्ष्य चुकीचं जातं.

शेवटच्या दोन षटकांत मैदानावरून ‘किती हवेत’ असं सारखं विचारलं जातं. आकडा एका कोऱ्या कागदावर मोठा लिहून समोर ठेवा: हव्या असलेल्या धावा आणि उरलेले चेंडू. प्रत्येकाला तोंडी उत्तर देत बसलात तर तेवढ्यात एक चेंडू सुटतो.

विजयी धाव झाल्यावर लोक मैदानात धावतात. तुम्ही पंचाकडे पाहत राहा. तो शेवटचा चेंडू नो-बॉल किंवा शॉर्ट रन असू शकतो. पंचांनी धावसंख्येला संमती दिल्यावरच निकाल लिहा, सह्या घ्या, पानांचे फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी सचिवाला पाठवा.

## पुढे काय

काही सामने वह्या विनातक्रार जुळल्या की स्पर्धा घेणाऱ्या संघटनेकडे धावलेखकांच्या परीक्षेची चौकशी करा. पंच व्हायचं असेल तरी एक हंगाम वही लिहून मगच जा; बाय आणि लेग-बाय यांचा हिशेब ज्याने लिहिलाय, तो मैदानात खूण करायला विसरत नाही. आणि क्लबकडे आणखी एक गोष्ट मागा: पुढच्या सामन्याला शेजारी बसून शिकणारा एक माणूस.